कोरडवाहू काळ्या जमिनीची निगा: रब्बी ज्वारीच्या पट्ट्यासाठी वर्षभराचे मार्गदर्शन

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोट, अहिल्यानगरमधील कर्जत-जामखेड, बीडमधील आष्टी, साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील जत-आटपाडी हा सगळा अवर्षणप्रवण पट्टा आहे. येथे वर्षाला साधारण ५०० ते ७५० मि.मी. पाऊस पडतो, पण तो पिकाच्या सोयीने पडत नाही. मृगाच्या सरी हुलकावणी देतात, जुलै-ऑगस्टमध्ये दीर्घ खंड पडतो आणि खरा भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा असतो. म्हणूनच या भागात पिढ्यान्‌पिढ्या खोल जमीन खरिपात मोकळी ठेवून, तिच्यात मुरलेल्या ओलीवर रब्बीत ज्वारी, करडई आणि हरभरा घेण्याची पद्धत पडली. विहिरीला पाणी नाही, कालव्याची आशा नाही, अशा शेतकऱ्याकडे पाणी साठवण्याची जागा एकच असते आणि ती म्हणजे त्याच्या पायाखालची माती. त्या मातीत किती पाणी मावते, त्यातले किती मुरते आणि मुरलेले किती टिकते, या तीन गोष्टी सुधारणे हेच कोरडवाहू जमिनीच्या व्यवस्थापनाचे मर्म आहे. पुढे सांगितलेली प्रत्येक कृती या तिन्हींपैकी एकीसाठी तरी आहे.

या विषयावरील संशोधनही आपल्याकडे जुने आहे. कोरडवाहू शेतीचे प्रयोग १९२३ साली पुण्याजवळच्या मांजरीत सुरू झाले आणि पुढे सोलापूरला स्थिरावले. आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे सोलापूर येथील केंद्र हेच काम करते. खालील शिफारशींपैकी बऱ्याचशा त्या केंद्राच्या कामातून आलेल्या आहेत, तर काही शेतकऱ्यांच्या वहिवाटीतल्या आहेत, आणि दोन्हींचा मेळ आश्चर्य वाटावे इतका चांगला बसतो.

आधी जमिनीची खोली पाहावी

कोणतेही खत, वाण किंवा अवजार निवडण्याआधी शेतात खड्डा घ्यावा. वरच्या अंगाला एक, मध्यावर एक आणि खालच्या अंगाला एक, असे तीन खड्डे मीटरभर खोल किंवा मुरूम लागेपर्यंत काढावेत. एकाच गटात वरच्या बाजूला वीतभर माती आणि ओढ्याच्या बाजूला पुरुषभर माती, ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे, आणि तरीही सबंध गटात एकच पीक, एकच वाण पेरण्याची चूक सर्रास होते.

खड्ड्याची एक बाजू खुरप्याने सरळ तासून घ्यावी आणि निरखून पाहावी. वर भुसभुशीत, बारीक कणांचा थर दिसतो, त्याखाली चकाकणाऱ्या तुकतुकीत पृष्ठभागांची घट्ट काळी माती, मग चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला थर आणि शेवटी मुरूम. मागील पिकाची मुळे कुठवर गेली आहेत हे पाहावे. मुळे सरळ खाली न जाता वीतभर खोलीवर आडवी वळलेली दिसली, तर तिथे नांगराच्या फाळाने आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी तयार झालेला कठीण थर आहे असे समजावे. अशा जमिनीची मोजपट्टीवरची खोली ९० सें.मी. असली, तरी पिकाच्या दृष्टीने ती वीतभरच असते.

खोली कळली की पीक जवळजवळ आपोआप ठरते. ७.५ सें.मी.पेक्षा उथळ, बरड जमिनीत पिकाला उपलब्ध होणारे पाणी जेमतेम १५ ते २० मि.मी. साठते, त्यामुळे तिथे गवत आणि झाडेच ठेवावीत. २२.५ सें.मी.पर्यंतच्या जमिनीत मटकी, हुलगा यांसारखी काटक कडधान्ये घ्यावीत. २२.५ ते ४५ सें.मी. खोलीत साधारण ४० ते ६५ मि.मी. पाणी मावते, आणि ही जमीन खरिपाची समजून तिच्यात बाजरी व तूर दोनास एक ओळीने, किंवा सूर्यफूल व तूर घ्यावी. रब्बी ज्वारीची हक्काची जमीन ४५ सें.मी.च्या पुढे सुरू होते आणि ६० ते ९० सें.मी. खोलीत १४० ते १५० मि.मी. पाणी साठत असल्याने तिथे ज्वारी, करडई व हरभरा निर्धास्त येतात. ९० सें.मी.पेक्षा खोल जमिनीत पाऊस वेळेवर झाल्यास मूग किंवा उडीद काढून त्यावर ज्वारी घेता येते. ज्वारीचे वाणही खोलीप्रमाणेच निवडावेत. हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यमला फुले सुचित्रा किंवा मोहोळच्या केंद्राची देणगी असलेली मालदांडी ३५-१, आणि भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा योग्य ठरते.

खड्डा काढलाच आहे, तर आणखी एक साधी परीक्षा करावी. वाळलेले लिंबाएवढे ढेकूळ काचेच्या ग्लासात, शक्यतो पावसाच्या पाण्यात, न हलवता सोडावे. काळ्या मातीचे ढेकूळ फुटून खाली बसणे स्वाभाविक आहे, पण पाणी कित्येक तास गढूळच राहिले, तर मातीत सोडियम वाढून ती चोपण होऊ लागली आहे असा संशय घ्यावा आणि प्रयोगशाळेत तपासणी करावी. चोपण जमिनीत पाणी मुरतच नाही, त्यामुळे तिथे सारे, म्हणजे पाणी अडवणारे वरंबे, पाडूनही फारसे हाती लागत नाही. आधी निचऱ्याची सोय, मग तपासणीनुसार जिप्सम आणि त्यासोबत सेंद्रिय खत, हा क्रम पाळावा.

उन्हाळ्यातील मशागत

दरवर्षी खोल नांगरट झालीच पाहिजे, हा समज सोडून द्यावा. भारी जमीन तीन वर्षांतून एकदा खोल नांगरणे पुरते. त्यालाही कारण असावे, म्हणजे हराळी-कुंद्यासारखी तणे माजलेली असावीत किंवा खड्ड्यात कठीण थर दिसलेला असावा. काळी माती उन्हाळ्यात स्वतःच भेगाळते, आणि त्या भेगांतून वरची माती खाली आणि खालची हळूहळू वर येत राहते. दरवर्षी फाळ घालून आपण मातीतले उरलेसुरले सेंद्रिय द्रव्य उन्हात जाळतो आणि डिझेलचा खर्च वाढवतो. इतर वर्षी पीक निघाल्यावर कुळवाच्या, म्हणजे वरवरची माती मोकळी करणाऱ्या अवजाराच्या, दोन-तीन पाळ्या द्याव्यात, त्याही उताराला आडव्या.

धसकटे, म्हणजे कापणीनंतर जमिनीत उरलेली ताटांची बुडखे, वेचून बांधावर पेटवून देण्याची रीत मात्र तातडीने थांबवावी. ज्वारीचा कडबा जनावरांच्या पोटात जाणारच आणि तो जायलाही हवा, कारण या भागात कडब्याचा भाव कधीकधी धान्याला मागे टाकतो. मग मातीला उरते ते धसकटच. ते जाळले तर त्या वर्षी मातीला पिकाकडून काहीच मिळाले नाही असे होते.

पावसाळ्यात पाणी मुरवणे

एका एकरावर एक मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. ५० मि.मी.ची एक चांगली सर पडली, तर एकरावर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर रिते होतात. ही सर मोकळ्या, दबलेल्या जमिनीवर कोसळली, तर तिचा मोठा भाग तासाभरात ओढ्याला लागतो आणि जाताना वरची सगळ्यांत कसदार माती घेऊन जातो. शेतावरून एक मि.मी. जाडीचा थर गेला, तर हेक्टरी बारा-तेरा टन माती गेली असा त्याचा हिशेब आहे. हा थर जाताना डोळ्यांना दिसतही नाही. खरिपात शेत मोकळे ठेवण्याच्या पद्धतीतला हाच मोठा धोका आहे, आणि म्हणून ते मोकळे असले तरी उघडे-सपाट असता कामा नये.

यावर सर्वांत खात्रीचा, सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे सारे पाडून केलेले बंदिस्त वाफे. जूनच्या पहिल्या पावसानंतर कुळवाची पाळी देऊन वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी बेताची ओल, आला की सारा यंत्राने किंवा बळीराम नांगराने आधी एका दिशेने व मग तिला काटकोनात वरंबे ओढावेत आणि साधारण १० बाय १० मीटरचे चौकोन तयार करावेत. उतार अधिक असेल तर वाफे याहून लहान करावेत. वरंबे वीतभर उंच असावेत, आणि जिथे दोन वरंबे एकमेकांना छेदतात तिथे नांगराने पडलेली खिंडारे फावड्याने बुजवून घ्यावीत. हे शेवटचे काम कंटाळवाणे असते आणि अनेकदा राहून जाते, पण पहिल्याच जोराच्या पावसात पाणी नेमके त्या खिंडारांतून वाट काढते आणि एकामागून एक वाफे फोडत जाते. पाऊस झाल्यावर शेतात फिरावे, फुटलेले वरंबे सांधावेत, आणि पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त तुंबून राहात असेल तर तेवढ्या वाफ्याला हलकीशी वाट द्यावी.

वाफ्यांत तण उगवणारच. ते बी धरण्यापूर्वी, ऑगस्टमध्ये उपटून तिथेच पसरून द्यावे. तण वाढू दिले तर ते मुरलेली ओल पिऊन टाकते, आणि ते काढण्यासाठी वाफे मोडून कुळव घातला तर सगळा खटाटोप वाया जातो. ज्यांना मोकळी जमीन ठेवणे परवडत नाही आणि ज्यांची जमीन खोल आहे, त्यांनी जूनमध्ये मूग किंवा उडीद घ्यावा, मात्र तो ऑगस्टअखेर शेतातून निघालाच पाहिजे.

वाफ्यांऐवजी सरी-वरंबेही चालतात. ते उताराला आडवे असावेत आणि सरीत ठरावीक अंतरावर मातीचे आडवे बंद घालावेत. रुंद वरंबा सरी पद्धतीचा अलीकडे बराच बोलबाला आहे आणि पाऊस भरपूर असलेल्या, पाणी तुंबणाऱ्या सोयाबीनच्या शेतात ती उत्तम आहे. रब्बी ज्वारीच्या कमी पावसाच्या पट्ट्यात मात्र मी बंदिस्त वाफ्यांनाच पहिली पसंती देईन, कारण येथे प्रश्न जादा पाणी काढून देण्याचा क्वचित आणि मिळेल तेवढे अडवण्याचा नेहमीचा आहे.

बांधांबाबत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. हलक्या व मध्यम जमिनीत समपातळीवरचे बांध चांगले काम देतात. खोल काळ्या जमिनीत मात्र ते उन्हाळ्यात भेगाळतात, पावसाळ्यात त्यांच्यामागे पाणी साचते आणि भेगांतून बांध फुटतो, मग त्या एका घळीतून जितकी माती जाते तितकी बांध नसताना गेली नसती. अशा जमिनीत जादा पाणी संथपणे बाजूला नेणारे ढाळीचे बांध घालावेत, प्रत्येकाला दगडी सांडवा द्यावा आणि बांधावर मारवेलसारखे गवत किंवा खस लावून तो जिवंत ठेवावा. गवत लावलेला बांध स्वतःला सावरतो आणि जनावरांना चाराही देतो.

पेरणीच्या वेळी

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुळवाने वाफे मोडून जमीन सपाट करावी आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान, उताराला आडवी पेरणी करावी. हलक्या जमिनीत ओल लवकर संपते म्हणून तिथे आधी, आणि भारी जमिनीत थोडे मागून पेरावे. १५ सप्टेंबरच्या आधी घाई केल्यास खोडमाशीचा त्रास वाढतो.

वाफसा ओळखण्यासाठी पेरणीच्या खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. लाडू चपटा होऊन पडला तर जमीन अजून ओली आहे आणि तिच्यावरून बैल किंवा ट्रॅक्टर फिरवल्यास ती दबेल. तो हलकेच फुटून विखुरला तर वाफसा आला. लाडू वळलाच नाही तर उशीर झाला आहे. काळ्या जमिनीत ही मुदत दोन-चार दिवसांचीच असते, त्यामुळे बियाणे, खत आणि पाभर (पेरणीचे अवजार) आधीच तयार ठेवावी.

पेरणी दोन चाड्यांच्या पाभरीने करावी, म्हणजे खत बियाण्याच्या खाली ओलीत पडते. हा मुद्दा कोरडवाहूत फार महत्त्वाचा आहे. नंतर वरून फेकलेले खत वाळलेल्या थरात पडून राहते आणि मुळांपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून संपूर्ण खत पेरणीच्या वेळीच द्यावे. दोन ओळींत ४५ सें.मी. अंतर ठेवून हेक्टरी १० किलो बियाणे पुरते. काणी रोगासाठी किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळावे आणि त्यानंतर अ‍ॅझोटोबॅक्टर व स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू लावावेत. या चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद असूनही तो पिकाला लवकर मिळत नाही, त्यामुळे या जिवाणूंचा उपयोग होतो.

कोळपणी: पाणी न देता दिलेले पाणी

ऑक्टोबर सरला की आभाळाकडून काही मिळत नाही. आता मुरलेले पाणी राखणे एवढेच हातात असते. त्यासाठी आपल्या वाडवडिलांनी सिद्ध केलेले साधन म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवणारे कोळपे. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात अखंड पाशीच्या कोळप्याने आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, अशा तीन कोळपण्या कराव्यात. पहिल्या दोन कोळपण्या मुख्यतः तणासाठी असतात, तिसरी भेगांसाठी.

ही तिसरी कोळपणी का टाळू नये, हे शेतात वाकून पाहिल्याशिवाय पटत नाही. डिसेंबरमध्ये ज्वारी निसवण्याच्या सुमारास दोन ओळींच्या मध्ये केसाएवढी रेघ उमटते, आठवड्याभरात तिच्यात बोट जाते आणि पुढे हात जाईल एवढी भेग पडते. तिच्या दोन्ही भिंतींमधून फूट-दीड फूट खोलीवरची ओल थेट हवेत जाते आणि ताणली जाणारी बारीक मुळे तुटतात. दातेरी कोळप्याने केलेली मोकळी माती त्या भेगेत पडली की ती वाट बंद होते. म्हणून भेग रेघेएवढी असतानाच कोळपे घालावे. भेगा रुंद झाल्यावर वरून कितीही माती ओढली तरी ती आत गडप होते.

आच्छादनाने हाच फायदा अधिक चांगला मिळतो. हेक्टरी ५ टन काडीकचरा पेरणीनंतर पाच आठवड्यांच्या आत ओळींमध्ये पसरावा, अशी शिफारस आहे. एवढा काडीकचरा सगळ्यांकडे नसतो, हे खरे. कडबा यासाठी मुळीच वापरू नये. तुरीच्या तुराट्या, सूर्यफुलाची ताटे, करडईचा काटेरी भुसा, जो जनावरेही खात नाहीत, आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला एवढे जमवावे. सगळ्या शेताला पुरत नसेल तर सर्वांत उथळ भागावर तरी पसरावे, कारण ओल तिथे आधी संपते.

सेंद्रिय कर्ब वाढवणे

या भागातील बहुतेक कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. उन्हाळा तीव्र आणि पिकाचा काडीकचरा तुटपुंजा, त्यामुळे तो एकदम वाढवता येत नाही, पण रोखता आणि सावकाश चढवता येतो. हेक्टरी ५ टन शेणखत दरवर्षी मिळाले तर उत्तम. ते एकरी साधारण चार बैलगाड्या होते. गोठ्यातली जनावरे कमी झाल्याने आता तेवढेही अवघड झाले आहे, हे वास्तव आहे, म्हणून जे असेल ते पाळीपाळीने, दरवर्षी शेताच्या एका तृतीयांश भागाला भरपूर द्यावे. सगळीकडे चिमूटभर पसरण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. खत शेतात ढिगाने उन्हात सोडू नये, पसरले की त्याच दिवशी कुळवाने मातीआड करावे.

उन्हाळ्यात धनगरांची मेंढरे शेतात बसवणे हा जुना व्यवहार मला आजही फार मोलाचा वाटतो. लेंडी आणि मूत्र दोन्ही जागच्या जागी पडतात, वाहतुकीचा खर्च नसतो आणि कळप दररोज थोडा सरकवत नेला तर सबंध शेताला समान खत मिळते. फक्त मेंढरे उठल्यावर लगेच कुळवाची हलकी पाळी द्यावी.

गिरिपुष्प प्रत्येक बांधावर असायलाच हवे. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या फांद्या तोडून बांधाच्या कडेने हात-दीड हात अंतरावर लावल्या की त्या सहज जीव धरतात, जनावरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून कापणी सुरू होते. त्याच्या वाळलेल्या पाल्यात दोन टक्क्यांहून अधिक नत्र असते. मध्यम जमिनीतील रब्बी ज्वारीला लागणाऱ्या हेक्टरी ५० किलो नत्रापैकी निम्मे गिरिपुष्पाच्या पाल्यातून आणि निम्मे युरियातून देण्याची पद्धत सोलापूरच्या प्रयोगांत उपयुक्त ठरली आहे. कोवळ्या फांद्या व पाला ऑगस्टमध्ये शेतात पसरून मिसळावा, म्हणजे पेरणीपर्यंत तो कुजलेला असतो.

पिकांचा फेरपालटही याच हिशेबातला आहे. ज्वारीवर ज्वारी घेत राहण्यापेक्षा दर दोन-तीन वर्षांनी त्या तुकड्यात हरभरा किंवा करडई आणावी, किंवा हरभऱ्याच्या सहा ओळींना करडईच्या तीन ओळी लावाव्यात. करडईचे सोटमूळ खोलवर जाते आणि कठीण झालेल्या थरात वाट पाडते, पुढील वर्षी ज्वारीची मुळे त्याच वाटेने उतरतात.

माती तपासणी आणि नोंद

पीक निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये, दर तीन वर्षांनी माती तपासावी. हलकी, मध्यम व भारी जमीन यांचे नमुने वेगवेगळे घ्यावेत. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे करावेत, त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरेपर्यंत कमी करावी आणि कापडी पिशवीत भरावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाच्या जागेची माती घेऊ नये. अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि जस्त-लोह यांचे आकडे आधी पाहावेत, कारण चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोहाची कमतरता वारंवार आढळते.

कर्बाचा आकडा तीन वर्षांत फारसा हलला नाही तरी निराश होऊ नये, तो दशकाच्या हिशेबाने वाढतो. दरवर्षी तपासता येईल अशी खूण वेगळी आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ठरलेल्या तीनच जागी, पहारीने खड्डा घेऊन ओली माती किती खोलीवर लागते ते मोजावे आणि त्या वर्षीचा सप्टेंबरचा पाऊस, पेरणीची तारीख, कोळपण्यांची संख्या आणि एकरी उतारा यांच्याशेजारी वहीत लिहून ठेवावे. पाच-सहा वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या शेतात सारे, आच्छादन आणि कोळपणी यांपैकी कशाने ओल वर राहिली हे कागदावर दिसू लागते, आणि पुढच्या जूनमध्ये मजुरी आधी कशावर खर्च करायची ते त्यावरून ठरवता येते.